पेमाचा पट्टा

तांडा, वारंगा फाट्याजवळ
दिवाळी झाल्यावर, २००६

प्रिय पुनमचंद,

प्रिय लिहायचं असतं म्हणून लिहिलं. साक्षरता वर्गात शिकले तेवढ्यावर लिहून राहिले, चुका काढत बसू नको.

तू कॉलेजात बनवलेली कापूस वेचायची पिशवी तांड्यावर आली होती. तू येत न्हाईस, ती दरसाल येती. तुझ्या कॉलेजातली नवी पोरं घेऊन येतात. जुन्या पोरांनी बनवलेलं खोलून, दुरुस्त करून शिकायचं, अशी तिथली रीत हाय म्हणे. चांगली हाय. पहिल्या पोरांनी तिचं तोंड बदललं, बाई वाकली की कापूस सांडत होता. दुसऱ्यांनी बूड बदललं. तुझं त्यात काय उरलं न्हाई. उरला खांद्याचा पट्टा, आन् तो तुझा नव्हताच. तुझ्या आईनं भरून दिलता. तुझी परीक्षा म्हणून पेमा खोकत खोकत टाके घालत बसली. स्वतःच्या ओढणीच्या कवड्या काढून त्याला लावल्या.

औंदा विजया नावाची पोरगी आली, हातात कैची घेऊन. पट्टा उसवून टाके बघायचे म्हणली. मी अशा शिव्या घातल्या का तिचा सर बी मागं सरला. मग हळूच म्हणला, पुनमचंदला फोन केलता, तो म्हणला उसवा, त्यात काय!

पिशवीला चिठ्ठी बांधलेली. पोरीनं वाचून दाखवली. बनवणारा, पुनमचंद वसराम राठोड. पट्टा, स्थानिक कारागिरी. मी परत वाचायला लावली. तुला पोटात घेऊन जिनं कापूस वेचला ती स्थानिक व्हय रे? ती गेली तवा बी तू तिसऱ्याला आलास, परक्याच्या मयतीला आल्यावानी बसलास, आन् सांजच्या गाडीनं गेलास.

त्या पोरीनं इचारलं, आजी, हे कोणी भरलं? इतकी पोरं येऊन गेली, कोणी इचारलं नव्हतं. मग कैची मीच घेतली. एकेक टाका उसवला आन् उसवता उसवता तिला शिकवला. पेमाला बी मीच शिकवलता. पट्टा ती त्याच टाक्यांनी परत भरणार हाय. पोरीचा हात जड हाय, पण येईल तिला.

कवड्या माझ्यापाशी हायेत, तुला मिळायच्या न्हाईत. पत्र त्याच्यासाठी न्हाई. सर म्हणला, चिठ्ठी बदलायची तर ज्याचं नाव हाय त्यानं लिहून द्यावं लागतं. तर लिहून दे. पट्टा, पेमा वसराम राठोड. तेवढंच. यायची तकलीफ घेऊ नको.

तुझीच, पण आधी पेमाची सासू,
जमनाबाई