जीप साडेचार इंच उठली त्याबाबत

प्रति,
मा. मोठे साहेब,
वाहन तपासणी कार्यालय
(कार्यालयाच्या नावाची पाटी रंगवायला काढली ती परत लागली नाही, म्हणून नाव लिहिता आले नाही. ओळख : कापसाच्या गोदामामागचे, ज्याच्या आवारात माझी जीप उभी आहे ते.)

अर्जदार : प्रवीण कवडूजी धोटे, संत्रा बागायतदार, राहणार वाघाडीढाना, तहसील सौंसर, जिल्हा पांढुर्णा, मध्य प्रदेश.

विषय : बसलेली जीप दुरुस्त केली म्हणून नापास करून जप्त केल्याबद्दल, आणि ती उद्या मंगळवारी पहाटे मिळण्याबाबत.

संदर्भ : १) आपला तोंडी शेरा, दि. ६ नोव्हेंबर २०२५. २) आपल्या बाबूंचे "हो जाएगा", दोन वेळा. ३) माझा हिंदीतला अर्ज, जो कोणी वाचला नाही. म्हणून हा मराठीत आहे. बाबू आमच्याच भागातले आहेत, ते वाचून दाखवतील.

महोदय (हा शब्द नमुन्यात आहे म्हणून लिहिला),

चूक तुमच्या कार्यालयाने केली, पाच वर्षे ती कपाटात सांभाळून ठेवली, आणि आता ती चूक खरी ठरावी म्हणून माझी चांगली गाडी खोटी ठरवली. हे मी पाठीमागे बोलत नाही, लिहून देतो आणि खाली सही करतो.

१. माझी जीप १९९५ ची आहे. चारही चाकांना जोर असलेली, आठ आसनी, खाजगी. वाघाडीढान्याला यायला नाला ओलांडावा लागतो. त्यावरचा रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, तीन पावसाळ्यांमागे वाहून गेला. मोटारसायकल काही महिनेच जाते, कार जातच नाही. ट्रॅक्टर जातो आणि माझी जीप जाते. बस आमच्याकडे यायची गोष्ट यशवंतराव सरपंच होते तेव्हापासून चालू आहे. यशवंतरावांना आता नातवंडे आहेत.

२. साहेबांनी गाडीखाली कधी वाकून पाहिले नसेल म्हणून सांगतो. जुन्या जीपखाली चार कमानी असतात. कमान म्हणजे एकावर एक बसवलेले वाकवलेले लोखंडी पट्टे. सगळी गाडी त्यांच्यावर झुलते. तीस वर्षे दगडात आपटून माझ्या जीपच्या कमानी सपाट झाल्या होत्या आणि मागच्या तर उलट्या वाकल्या होत्या. गाडी मागून जमिनीला टेकायला आली होती. यशवंतराव, जे माझे शेजारी आहेत आणि ज्यांना दुसऱ्याच्या गाडीत बसून नावे ठेवायची सवय आहे, ते म्हणाले, "प्रवीण, जामसांवलीच्या देवळात मारुती निजला तर लोक नारळ फोडतेत. तुही जीप निजली, हिले काय चढवाचं?"

मी ऐकून घेतले. जीप चालत होती, संत्री बाजारात पोचत होती. दुरुस्ती यशवंतरावांच्या बोलण्याने केली नाही, माझ्या सासूबाईंच्या बोलण्याने केली.

३. सासूबाईंचे नाव अंबाबाई. वय एकाहत्तर. त्यांना एकच मुलगी, ती माझी बायको अलका, म्हणून त्या आमच्याकडे राहतात. मागच्या वर्षी त्यांची मूत्रपिंडे बसली. तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना पांढुर्ण्याच्या दवाखान्यात यंत्रावर रक्त धुवायला न्यावे लागते. पाळी सकाळी आठची. एक पाळी चुकली की अंगात पाणी साठते, दोन चुकल्या की श्वास लागतो, आणि तिसरीचे विचारले की डॉक्टर चष्मा पुसू लागतात.

नाल्यात जीपचा मागचा भाग दगडावर आपटला की अंबाबाईंच्या तोंडून आवाज यायचा. तसा मी बैलाच्यासुद्धा तोंडून कधी ऐकला नाही. दिवाळीच्या आधी त्या म्हणाल्या, "जवाईबापू, ही गाडी हाय का उखळ हाय? मले दवाखान्यात नेऊन राहिले का कांडून राहिले?"

सासूच्या शब्दावर खर्चाला तयार झालेला जावई म्हणून गावाने माझी जी थट्टा केली ती या अर्जात लिहीत नाही. कागद सरकारी आहे.

४. सौंसरला गुणवंता म्हणून कमानीचा कारागीर आहे. चाळीस वर्षे हेच काम. त्याने चारही कमानी खाली उतरवल्या, पट्टा न् पट्टा सुटा केला, तुटलेले दोन बदलले, बाकीच्यांना तापवून, ठोकून, पाणी देऊन पुन्हा वाक दिला, मध्ये ग्रीस भरले, टोकांचे रबर नवे घातले. सगळे चढवले आणि शेवटचे बोल्ट ढिले ठेवून गाडी जॅकवरून खाली घेतली. मी म्हटले, अरे कस ना आता. तो म्हणाला, "भाऊ, हवेत बोल्ट कसाचा नाही. गाडी जमिनीवर ठेवाची, तिचं वजन तिले घेऊ द्याचं, मंग कसाचा. हवेत कसला का रबर पिळून राहते अन् महिन्यात फाटते."

साहेब, हे वाक्य मी जाणूनबुजून पूर्ण लिहिले आहे. तुमच्या कार्यालयात सगळे बोल्ट हवेत कसलेले आहेत.

जीप उभी राहिली. कंपनीच्या पुस्तिकेत जेवढी उंची छापली आहे, सहा फूट आणि वर दोन इंच, तेवढीच भरली. अंबाबाई पहिल्या दिवशी नाला ओलांडून सडकेला लागल्या तरी दांडी धरून बसल्या होत्या. मी सांगितले नाला मागे गेला. म्हणाल्या, "कधी गेला?" माझ्या तीस वर्षांच्या गाडीला मिळालेले हे पहिले प्रमाणपत्र. दुसरे तुमच्याकडून पाहिजे होते, कारण नोंदणीची पाच वर्षे संपत होती.

५. दि. ६ नोव्हेंबरला मी जीप तुमच्या आवारात आणली. ब्रेक पास, दिवे पास, धूर पास. मग तुमच्या तपासनिसांनी टेप लावली, जुना कागद पाहिला आणि म्हणाले, "ये तो साडेचार इंच ऊँची हो गई. अनधिकृत फेरबदल." कारण २०२० च्या कागदावर उंची साडेचार इंच कमी लिहिली आहे.

ती कमी का लिहिली, हे मला ठाऊक आहे, कारण तेव्हा मी तिथे होतो. नोव्हेंबरच होता, आंबिया बहाराचा माल निघत होता, मी बाजारात निघालो होतो आणि जीपमध्ये संत्र्याचे बावीस कॅरेट होते. मी म्हटले होते, कॅरेट उतरवतो. तेव्हाचे साहेब म्हणाले, वेळ नाही, असेच मोजा. म्हणजे बसलेल्या कमानी, त्यावर बावीस कॅरेट, आणि त्या दोन्हींच्या ओझ्याखाली जी उंची उरली ती माझ्या गाडीची जन्माची उंची म्हणून लिहिली गेली. पुरावा मागाल तर साहेबांनी त्यातली दोन डझन संत्री चाखली होती. गाडी भरलेली होती याला सरकारी तोंड साक्षीदार आहे.

मी कंपनीची पुस्तिका दाखवली. उत्तर मिळाले, "किताब नहीं, रेकॉर्ड चलेगा. गाडी जैसी थी वैसी करके लाओ."

ज्याने चांगले केले त्याला बिघडवून आण म्हणणारे कार्यालय मी माझ्या आयुष्यात हे पहिले पाहिले. गुणवंताला सांगितले तर त्याने हातातला हातोडा खाली ठेवला. मग म्हणाला, "वाक काढाचा मले येत नाही, भाऊ. ते काम रोड करते."

६. दि. १० नोव्हेंबरला मी चारही चाकांतली हवा अर्धी करून जीप आणली. दीड इंच उतरली. तीन इंच बाकी. बाबू म्हणाले, अजून थोडी मेहनत करा.

७. दि. १२ नोव्हेंबरला मेहनत केली. चाकांत हवा पुन्हा पुरी भरली आणि जीपमध्ये माणसे भरली. यशवंतराव, त्यांचे दोन भाऊ, शाळेचे दोन मास्तर, भजनी मंडळातले पाच जण आणि मी, असे अकरा. सगळे वजनदार, निवडून घेतलेले. यशवंतरावांना मागे मधोमध बसवले. तपासनिसांनी टेप लावली. बरोबर. सुताइतका फरक नाही. भजनी मंडळाने टाळ्या वाजवल्या. यशवंतराव म्हणाले, "लेका, पहिल्यांदा सरकारले माह्या वजनाचा उपयोग झाला."

तपासनिसांनी टेप गुंडाळली आणि डोकी मोजली. आठ आसनी गाडीत अकरा माणसे. तिथल्या तिथे जादा प्रवासी म्हणून कारवाई, जीप जप्त, दारांना कागदी सील. म्हणजे रिकामी गाडी आणली तर उंच, भरून आणली तर गुन्हा. मधली वाट विचारली तर म्हणाले, उंचीची नोंद दुरुस्त करून मिळेल, त्यासाठी २०२० ची मूळ फाइल पाहिजे, आणि ती सापडत नाही. सुनावणीची तारीख ९ जानेवारी.

अकरा माणसे बसने सौंसरला आणि तिथून पायी घरी गेली. यशवंतराव तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. हा या प्रकरणातला एकमेव फायदा.

८. आता यातला हसण्याचा भाग संपला.

शुक्रवार १४ ला अंबाबाईंना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून सडकेपर्यंत नेले, तिथून बसने. पोचलो. मंगळवार १८ ला तसेच. दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांना दोनदा ओकारी झाली. शुक्रवार २१ ला ट्रॅक्टर नाल्यात रुतला. आम्ही दहा वाजता पोचलो. पाळी दुसऱ्याला दिली होती, दुसरे यंत्र रिकामे नव्हते. परत आणले. शनिवारपासून पायांवर सूज आहे. बोटाने दाबले तर खड्डा तसाच राहतो. काल अलका मला म्हणाली, "तुमची गाडी नाही आली तर आईले पाठीवर घेऊन जाईन, पन मंगळवार चुकू देनार नाही." ती नेईल. माझी बायको रिकामी धमकी देत नाही. मी वीस वर्षे पाहून राहिलो.

एक गोष्ट तुमच्या कार्यालयाने शिकण्यासारखी आहे, म्हणून लिहितो. दवाखान्यात तृप्ती नावाच्या सिस्टर आहेत. अंबाबाई पहिल्यांदा गेल्या तेव्हा त्यांचे वजन बासष्ट किलो लिहिले होते. आज ते पन्नासच्या आत आहे. तृप्ती सिस्टर त्यांना काट्यावर उभे करतात, जे भरेल ते लिहितात आणि यंत्र तेवढ्यावर लावतात. दर वेळी नव्याने. जुना आकडा काढून त्या कधी म्हणाल्या नाहीत की आजी, आधी होत्या तशा होऊन या. त्यांना माहीत आहे की आकडा माणसासाठी असतो. त्यांचा पगार तुमच्यापेक्षा कमी असेल.

९. आज सकाळी साडेदहाला मी जीप पाहायला तुमच्या आवारात आलो. तुमच्या कार्यालयात चुना मारणे चालू आहे, आणि जुन्या फायलींचे गठ्ठे ठेवायला जागा नाही म्हणून ते तुमच्या लोकांनी माझ्या जीपमध्ये भरले आहेत. खालून टपापर्यंत. मागच्या दाराचे सील तुमच्याच लोकांनी फाडले आणि वर नवे लावले. जीप नेहमीपेक्षा खाली दिसली. म्हणून खिशातली टेप काढली आणि मोजली. चौकीदार साक्षीला होता.

साडेचार इंच उतरली आहे, साहेब. तुमच्या कागदावरच्या उंचीला बरोबर. जादा माणूस एकही नाही, हवा पुरी आहे.

आणि मागच्या काचेतून वरून तिसरा गठ्ठा दिसतो. लाल फडके, वर खडूने २०२०. जी फाइल सापडत नाही म्हणून माझ्या गाडीची नोंद दुरुस्त होत नाही, ती माझ्याच गाडीत आहे, आणि गाडी सीलबंद आहे म्हणून कोणी ती काढत नाही. मी बाबूंना काचेतून बोटाने दाखवली. ते म्हणाले, लिहून द्या. हे लिहून दिले.

१०. तेव्हा दोनच गोष्टी होऊ शकतात. एक, आत्ता सील काढा, तो लाल गठ्ठा उघडा, पाच वर्षांपूर्वीची चूक लाल शाईने खोडा, बाकीचे गठ्ठे उतरवा आणि जीप माझ्या ताब्यात द्या. दुसरी, आत्ताच्या आत्ता टेप लावा, आहे त्या उंचीवर पास करा, आणि मी तुमच्या सगळ्या फायलींसकट जीप घेऊन जातो. पुढच्या सीटवर अंबाबाई बसतील, मागे तुमचे कार्यालय बसेल. नाल्यात दोघेही सुखाने जातील. कमानी गुणवंताने बांधल्या आहेत.

तिसरी गोष्ट म्हणजे ९ जानेवारी. तोपर्यंत अंबाबाईंच्या तेरा पाळ्या येतात. त्यातली पहिली उद्या आहे.

आपला,
(नम्र हा शब्द उद्या सकाळी आठनंतर ठरवून लिहीन)
प्रवीण कवडूजी धोटे
दि. २४ नोव्हेंबर २०२५, सोमवार, दुपारी बारा

सोबत जोडले :
१. कंपनीच्या पुस्तिकेचे उंचीचे पान, छायाप्रत.
२. गुणवंता कारागिराचे कामाचे बिल, त्यावर त्याचा अंगठा नव्हे, पूर्ण सही.
३. अंबाबाईंच्या पाळ्यांचे कार्ड, दवाखान्याच्या शिक्क्यासह. २१ तारखेचा रकाना रिकामा आहे, तो पाहावा.
४. आज सकाळचा जीपचा फोटो, टेप लावलेला, चौकीदारासह.
५. कोरा कागद एक. उद्या सकाळी अंबाबाई कशाने जातील, एवढेच त्यावर लिहून, खाली आपले नाव घालून सही करावी. मी बाहेर बाकावर बसलो आहे. उत्तर हातात घेतल्याशिवाय उठणार नाही.