कॅप्टनचा सत्कार आणि माझं पॉलिश

चि. सौ. बारकीस दादाचे भरघोस आशीर्वाद (वहिनीचे वेगळे आहेत, ते ती फोनवर देईल). आम्ही सगळे ठीक. वहिनीचा खोकला आणि माझा स्वभाव, दोन्ही होते तिथेच आहेत. तुझा गुडघा काय म्हणतो? मेहुणेबुवांचा रक्तदाब? (मीठ कमी करा म्हणावं, मी सांगितलं असं मात्र सांगू नकोस.) त्या फायनलनंतर बावीस वर्षांत तू आपल्या हॉलची पायरी चढली नाहीस, आणि बास्केटबॉलचा विषय निघाला की उठून चहा टाकायला जातेस, हे मला पाठ आहे. हे पत्र बास्केटबॉलचंच आहे. तेव्हा आधी चहा टाकून घे आणि मग निवांत वाच.

कॅप्टन निवृत्त झाल्या, हे पेपरात वाचलंच असशील. चोवीस वर्षं खेळल्या, त्यातली पंधरा देशाच्या संघाच्या कॅप्टन म्हणून, आणि तरी दौऱ्यावरून परतल्या की बॅग घरी टाकून आधी हॉलवर यायच्या. त्यांना दुसऱ्या नावाने हाक मारणारा माणूस शोधून सापडायचा नाही. त्यांचे यजमान दातांचे डॉक्टर. तेही कॅप्टनच म्हणतात, त्यामुळे अर्ध्या पेशंटांची समजूत आहे की बाई सैन्यात आहेत, आणि ते दाढ मुकाट्याने काढून घेतात. कॅप्टनचा नियम तुला मी काय सांगणार? चूक झाली की जिची तिने हात वर करायचा, सबब सांगायची नाही, पुढचा पास घ्यायचा. फायनलला तुझ्या हातून चेंडू भोंग्यानंतर सुटला म्हणून शेवटची बास्केट धरली नाही, आपण एका गुणाने हरलो, आणि तू रडत रडत हात वर केलास, तर तुझ्याही आधी कॅप्टनचा हात वर होता! पास मी उशिरा दिला, म्हणाल्या. मी टेबलावर वेळ बघायला बसलो होतो, सगळं डोळ्यांदेखत घडलं. बाकीच्या मुली आठवड्याभरात पुन्हा खेळायला लागल्या. तू लागली नाहीस.

असो. तर सत्कार ठरला आणि हॉलचा व्यवस्थापक या नात्याने कमिटीने मला सांगितलं, हॉल चकाचक दिसला पाहिजे. आता मला काम सांगितलं की मी ते अर्धवट करत नाही, एवढा एकच काय तो माझ्यात दोष. मी लाकडी कोर्टाला फर्निचरचं पॉलिश केलं. सात डबे! दोन दिवस रांगत होतो. अशी चमक आली की वाकून पाहिलं तर दाढी करता यावी. (खेळायच्या कोर्टाला असलं पॉलिश करत नाहीत, हे मला आता तेवीस जणांनी सांगून झालंय. तू चोविसावी होऊ नकोस.)

सत्काराला हॉल खच्चून भरला. अध्यक्ष, म्हणजे ते किराणावाले अवाढव्य गृहस्थ, नवे कोरे बूट घालून पुष्पगुच्छ घेऊन कॅप्टनकडे निघाले, ते मधल्या गोलापासून जे सुटले ते थेट बास्केटखाली जाऊन बसले. पुष्पगुच्छ मात्र सोडला नाही, मानलं पाहिजे. त्यांना उठवायला सेक्रेटरी धावले, तेही त्यांच्या शेजारी. माइकवाला तिसरा. लागलं कोणालाच नाही, पण अध्यक्षांनी बसल्या जागेवरून गर्जना केली, हे कोणी केलं? मी अचानक फ्यूजची पेटी तपासायला लागलो.

आणि कॅप्टननी हात वर केला. सकाळी मी येऊन गेले तेव्हाच माझा पाय सरकला होता, सांगायला हवं होतं, चूक माझी, एवढंच. मग बारके, मागच्या रांगेतून तुमची ती उंच सेंटर, आता ऑपरेशनं करते, तिचा हात वर. मग बस चालवणारीचा. मग एकेक करत तुमच्या सगळ्या जुन्या पोरींचे, कोणी कडेवर मूल घेऊन, कोणी चष्मा सावरत. यातल्या एकीचाही पॉलिशशी काडीचा संबंध नव्हता! पण मला गहिवरून आलं ते पुढेच. मुख्याध्यापिका झालेली तुमची गार्ड आपल्या शाळेच्या सतरा मुली घेऊन आली होती. त्यांनी कॅप्टनना जन्मात कधी पाहिलं नव्हतं. त्या सतराही हात वर. केवढी बाई म्हणायची ही! जिथे स्वतः पोचली नाही तिथेही हिचं शिकवणं पोचलंय. अंगावर सरसरून काटा आला गं. आणि फ्यूजच्या पेटीमागून माझा हात मला न विचारता वर गेला. आयुष्यात पहिल्यांदा. (माझ्यामागोमाग अध्यक्षांचाही हात वर, बायकोने नवे बूट घालू नका म्हणून सांगितलं होतं म्हणे.)

मग कॅप्टननी बूट काढले, फडकी मागवली, आणि सत्कारमूर्तीसकट सगळा हॉल गुडघ्यांवर बसून कोर्ट पुसायला लागला. माझं चार पानी भाषण खिशातच राहिलं. पुसता पुसता कॅप्टननी विचारलं, बारकी नाही आली? मी म्हटलं, गुडघा.

मुलांना गोड पापे, मेहुणेबुवांना नमस्कार. लोभ आहेच, पत्र संपेपर्यंत टिकव.

तुझा
दादा

ता. क. कॅप्टन आता दर रविवारी सकाळी लहान मुलींना शिकवणार आहेत. सोबत त्यांना तूच हवी आहेस, दुसरी कोणी नको म्हणतात.

आणखी एक ता. क. खरं पत्र हे एवढंच आहे. वर नुसता घसा साफ केला. फायनलला तू उडी मारलीस तेव्हा मला भान राहिलं नाही, मी ताडकन उठलो आणि माझा हात भोंग्याच्या बटणावर पडला. स्टॉपवॉचमध्ये दोन सेकंद बाकी होते. ते फक्त मला दिसत होते. पंचांनी विचारलं, मी म्हटलं, वेळ संपली. बारके, तुझी बास्केट वेळेत होती. चुकलो गं मी. सत्काराच्या दुसऱ्या दिवशी कॅप्टनना सांगितलं. त्या म्हणाल्या, मला कशाला सांगता? जिची बास्केट गेली तिला सांगा.

शिव्या पत्राने पाठवू नकोस, पोस्टात त्यांचा जोर जातो. रविवारी सहाला मी हॉल उघडतो. समक्ष येऊन दे.