रॉड्रिग्जच्या पोपटाचा जबडा

११ मार्च २०१३, सोम.
दु. २.४६ ला लॅबमध्ये सगळे एक मिनिट उभे. भूकंपाला दोन वर्षं. बसतोय तोच लॅबप्रमुख तानाबे-सेन्सेईंनी मोडीत काढायच्या नमुन्यांची यादी पुढे सरकवली. भूकंपात खण कोसळले, ज्यांच्या चिठ्ठ्या हरवल्या ती हाडं मार्चअखेर बाहेर. क्र. ४१ : 'पक्षी, अनोळखी'. अनोळखी म्हणे! रॉड्रिग्ज बेटावरच्या पोपटाचा खालचा जबडा आहे तो. अख्खी जात नामशेष झाली, आता उरलेलं हाडही फेका.
आणि यादीवर मंजुरीचा म्हणून माझ्याच नावाचा शिक्का! गेल्या आठवड्यात फिरत आलेल्या कागदांवर न वाचता ठोकत सुटले होते. इथे राहून सवय लागलीय. स्वतःचाच भयंकर राग येतोय.

१३ मार्च, बुध.
जबडा मोजला. जुन्या नोंदवहीतल्या मापांशी जुळतो, तुटलेलं टोकसुद्धा. सेन्सेईंना दाखवलं.
"साठे-सान, चिठ्ठी नाही म्हणजे नमुना नाही."
"चिठ्ठी हरवलीय सेन्सेई, हाड नाही."
मग त्यांनी चहाचा कप उचलला आणि दुसरी फाइल उघडली. म्हणजे विषय संपला. त्यांचा. माझा नाही.
घरी निखिल : "अगं, तुझ्या नोकरीच्या कराराचं रिन्यूअल त्यांच्याच हातात आहे. एका हाडासाठी कशाला ओढवून घेतेस?" ईरा जेवता जेवता : "सुतेनाइदे, मम्मी." फेकू नकोस. घरात एक तरी शहाणं माणूस आहे.

१९ मार्च, मंगळ.
यादीवरच्या माझ्या शिक्क्यावर दोन आडव्या रेघा मारल्या, खाडाखोड माझीच म्हणून शेजारी पुन्हा शिक्का. चूक इथे अशीच दुरुस्त करतात. ऑफिसच्या मोरी-सान पुटपुटल्या, "असं आजवर कुणी..." आता केलं! हाडाला नवी चिठ्ठीही बांधली. रॉड्रिग्ज पोपट, खालचा जबडा, ओळख पटवणारी : मी.

२८ मार्च, गुरु.
रिन्यूअल नाही. सेन्सेई वाकून, अगदी सौम्यपणे सांगून गेले. क्र. ४१ यादीत राहिला की वगळला, कुणी सांगेना. बाथरूममध्ये जाऊन रडले. दहा मिनिटं, मग तोंड धुतलं.
जबडा अजून खणातच आहे. उद्या साडेआठला हाडं न्यायला गाडी येणार. माझं प्रवेशाचं कार्ड ३१ पर्यंत चालतं. आठलाच कपाटासमोर खुर्ची टाकून बसणार आहे. न्यायचाच असेल तर आधी मला उठवा म्हणावं.