एकविसावी नळी

प्रति,
मा. प्रयोगशाळा प्रमुख,
रक्त तपासणी विभाग

विषय : एक जागा रिकामी ठेवून विषाणू मोजणीचे यंत्र चालवण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : 'नमुना मुदतबाह्य' अशा आपल्या तीन चिठ्ठ्या.

महोदय,

सोमवारी सकाळी १०.४० वाजता अर्जदाराच्या डाव्या हातातून रक्त काढण्यात आले. ही चौथी वेळ.

अर्जदार व्यवसायाने न्हावी आहे. गेल्या वर्षी त्यास हिपॅटायटिस सी निघाला. त्या वेळच्या मोजणीत एका मिलिलिटरमागे अडतीस लाख विषाणू भरले. बारा आठवडे त्याने एकही गोळी चुकवली नाही. गोळ्या संपूनही तीन महिने झाले. आता विषाणू सापडला नाही असा कागद मिळाला, की आजार गेला असे धरतात. दुकान थोरल्या भावाचे. "कागद आण, वस्तरा घे," एवढेच तो म्हणतो. तोवर अर्जदाराकडे झाडू, पाण्याचा फवारा आणि गिऱ्हाइकांशी गप्पा ही तीन खाती आहेत. वहिनींच्या मते तिसरे खाते त्याच्याकडे पूर्वीपासूनच होते.

यंत्रात रुग्णांच्या एकवीस नळ्या बसतात. एकवीस भरल्याखेरीज ते सुरू करायचे नाही, असा नियम आहे. आणि फ्रीजमध्ये नमुना पाचच दिवस चालतो. अर्जदाराच्या मुदतीपर्यंत पहिल्या खेपेस सतरा जमले, मग एकोणीस, मग वीस. तिन्ही वेळा त्याचे रक्त टाकून दिले.

आपलेच रक्त दोन नळ्यांत भरावे, असे अर्जदाराने सुचवले. तंत्रज्ञ बाई म्हणाल्या, "दादा, दुकानात एका गिऱ्हाइकाला दोन खुर्च्या देता का?" मग त्याने मेहुण्यास आणले. तो धडधाकट असल्याने परत पाठवण्यात आला. "बरा आहे म्हणून हाकललेला मी पहिलाच," असे तो जाताना म्हणाला. बुधवारी अर्जदाराने फाटकाशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्यांस "विषाणू आहे का?" असे आपुलकीने विचारले. पहारेकऱ्याने त्यास आवरले, ते योग्यच झाले.

हाताची सवय जाऊ नये म्हणून अर्जदार घरी फुग्यास साबण लावून जुना वस्तरा चालवतो. पूर्वी फुगा फुटत नसे. काल दोन फुटले.

एक जागा रिकामी ठेवायला आपली सही लागते, असे बाई सांगतात. ती कृपया द्यावी. आकडा वाईट आला तरी अर्जदाराची तक्रार नाही. त्यास तो कळायला हवा.

खिडकीसमोरच्या बाकावरून,
आपला नम्र,
(सही)
खुर्ची क्रमांक दोनचा न्हावी
शुक्रवार, सकाळी ११.१५

सोबत : तीन चिठ्ठ्या, पहिल्या मोजणीची प्रत.

ता. क. : ११.४० वाजता खिडकीवरील पाटीवर जमलेल्या नळ्यांचा आकडा अजून वीसच. नमुन्याची मुदत उद्या १०.४० पर्यंत. आपण आज कार्यालयात आहात की नाही, हे येथे कोणासच ठाऊक नाही.