नव्या तांदळाची टोपली

प्रिय महादूभाऊ,

सोमवारी चांद्याच्या कोर्टात माझी साक्ष आहे. तिथं काय बोलणार ते आधी तुला सांगावं, म्हणून लिहायला बसले. तूच मला हट्टानं चौथीपर्यंत शाळेत बसवलंस, तेव्हा अक्षराला हसू नकोस. तू गेल्याला आता वर्ष होत आलं.

तुझ्यावर गोळी झाडणाऱ्या हवालदारावर खटला भरायचा की नाही, याच वादात इतके महिने गेले. नदीवरच्या नाक्याची माणसं म्हणतात, चोरटा माल नेणारा समजून गोळी घातली. त्यासाठी तुरुंगात जायचं असेल तर उद्यापासून घाटावर उभं कोण राहणार? आपलं गाव म्हणतं, त्याला फाशीच द्या. बाजारात भांडणं होतात. एकांसाठी तू अट्टल चोर, दुसऱ्यांसाठी देवमाणूस. तू आणि देवमाणूस! एरवी वहिनीसुद्धा हसली असती.

आपल्या घरची रीत त्यांना कुठली ठाऊक असणार? नवं धान घरात आलं की भावानं पहिल्या तांदळाची टोपली डोक्यावर घ्यायची आणि बहिणीच्या उंबऱ्यावरच उतरवायची. वाटेत टेकवायची नाही, वाटेत बोलायचं नाही. माझं सासर नदीपार, हैदराबाद राज्यात. म्हणजे तुला प्राणहिता ओलांडणं आलं आणि अलीकडच्या काठावर नाका आला. जास्त धान्य पार न्यायला बंदी, पण घरखाण्यापुरता तांदूळ नेऊ देतात, फक्त थांबून, टोपली उतरवून दाखवावी लागते. हे तुला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं.

तू गेलास त्याच्या आदल्या वर्षी तसंच केलंस. नाक्यावर टोपली टेकवलीस, हवालदाराशी गप्पा मारल्यास आणि हसत हसत माझ्या दारात आलास. महिन्याभरात माझी म्हैस मेली. मी खापर तुझ्यावर फोडलं. वाटेत बोललास म्हणून झालं, असं तुझ्या तोंडावर म्हणाले. तू वाद घातला नाहीस.

"पुढच्या खेपेले तोंड शिवून येतो, बाई," एवढंच म्हणालास.

तसाच आलास. पहाट उलटून गेली होती, नदीवर धुकं होतं. हवालदारानं तीनदा हाक दिली. तू थांबला नाहीस, बोलला नाहीस, पळालाही नाहीस. गोळी पाठीत लागली. मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन तुझी वाट पाहत होते. आवाज ऐकला, तेव्हा कोणी शिकार करतंय असं वाटलं. एका म्हशीपायी मी तुझं तोंड बंद केलं, भाऊ. हे कोणाला सांगू?

पंचनाम्याच्या दिवशी हवालदार माझ्याजवळ आला. म्हणाला, "महादू असता त ओ देली असती, बाई. माल नेऊन राह्यला तरी तो मले हाक मारे. मले वाटलं, हा कोणी दुसराच हाय."

खोटं बोलत नव्हता तो. गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात गावच्या शेटजीची तांदळाची पोती चोरून दोनदा नदीपार झाली, ती तुझ्यामुळेच. तू हवालदाराला बोलण्यात गुंतवायचास आणि शेटजीचे गडी पोती घेऊन मागच्या मागे नदीचा उतार गाठायचे. मला तेव्हा कळलं होतं, आणि मी गप्प बसले. चोरी करताना तुझं तोंड थांबत नव्हतं आणि काही चोरलं नव्हतं त्या दिवशी तू ओठ मिटून घेतलेस. असा कसा रे तू?

आपल्या बाजूचे वकील म्हणतात, त्या पोत्यांचं नाव काढू नका, खटला ढिला पडेल. मी वहिनीला विचारलं. ती तांदूळ पाखडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "खरं सांगजा. त्याले चोर म्हनतीन त म्हनू द्या. पन तो कसा मेला थे समद्याइले समजू द्या."

म्हणून मी सगळं सांगणार आहे. पोती सांगेन, म्हैसही सांगेन. टोपली कोर्टात ठेवली आहे, तिला चिठ्ठी बांधली आहे म्हणे. ती ओळखायला लावतील तेव्हा सांगेन, की तुझे दोन्ही हात ह्या टोपलीला होते. दोन्ही हात डोक्यावर धरून सावकाश चालणारा माणूस पळून जात नसतो, हे धुक्यातही दिसतं. हवालदाराला शिक्षा व्हावी असंच मला वाटतं. तो वाईट माणूस नाही, तरीही वाटतं. माझ्या वाट्याची शिक्षा मात्र कुठलं कोर्ट देणार नाही.

वर्षभर मी नवा तांदूळ खाल्ला नाही. तुझी टोपली पोचलीच नव्हती ना!

यंदाचं धान घरात आलं आहे. साक्ष झाली की तुझ्या घरी जाईन, वहिनीकडून टोपली भरून घेईन आणि स्वतः डोक्यावर घेऊन नदीकडे निघेन. हा माझा तुला शब्द आहे. नाक्यावर हाक आली की थांबेन, टोपली वाळूत टेकवेन आणि मोठ्यानं ओ देईन. कोण म्हणून विचारलं तर सांगेन, मी महादूची बहीण. रीत मोडली तर मोडली.

तुझी धाकटी,
बायजा