उघडा ठेवलेला डबा

५ मार्च

चि. ढब्बूस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

व्यसनमुक्ती केंद्रात तुला भांडी घासायला लावतात हे वाचून मी एकटीच खो खो हसले. घरी कधी पाण्याचा पेला उचलून ठेवला नाहीस! घास, चांगला घास. डॉक्टरबाई पुढच्या महिन्यात सोडणार हे नक्की ना? मी तुझी खोली झाडून ठेवली आहे, खिडकीची कडीही बसवून घेतली.

बाबांचं विचारलंस. तुझ्याविषयी ते चकार शब्द काढत नाहीत. पण परवा जेवता जेवता एकदम, तिकडे थंडी फार असते का, म्हणून विचारलं. कुठे, असं मी मुद्दाम विचारलं, तर ताटावरून उठून खाली कारखान्यात गेले. आज सुतारकाका तुझ्या बाजूला माल पोचवायला निघालेत, त्यांच्या हाती बाबांनी स्वतः एक पुडकं बांधून दिलं. मला हात लावू दिला नाही, पण मी पाहिलं. त्यांचा स्वतःचा, लाकडाला पॉलिश मारायचा चिंध्यांचा बोळा आहे रे! मी लहानपणी नुसतं बोट लावलं म्हणून कानफटात खाल्ली होती, तोच. आपला बोळा पॉलिशवाला कुणाला देत नाही, हे मी तुला काय सांगायचं. याहून जास्त ते बोलणार नाहीत. समजून घे आणि ये.

हात दुखले तरी दोन ओळी लिहीत जा, म्हणजे लोभ आहे हे कळेल.
ताई

१२ मार्च

ती. ताईस,
सा. न.

पुडक्यातला डबा मिळाला. बोळा कडक होऊ नये म्हणून आपण त्यावर स्पिरिट शिंपडून झाकण घट्ट लावतो. प्रवास लांबचा, म्हणून बाबांनी तर भरपूर ओतलं होतं आणि वरून झाकणाला मेण लावलं होतं. जन्मभर करत आलेत तसंच. दुसरं काही त्यांच्या मनातसुद्धा आलं नसेल. फाटकावर सुतारकाकांनी कामाचं सामान म्हणून सांगितलं, पहारेकऱ्याने सोडलं.

झाकण उघडलं आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. बापाची माया हातात धरून बसलो होतो, ताई, आणि तोंडाला पाणी सुटलं होतं. हा पिळला तर पेल्यात किती उतरेल, एवढंच डोक्यात. मग कसाबसा उठलो, डबा बाहेर कठड्यावर उन्हात उघडा ठेवला आणि डॉक्टरबाईंकडे पळालो. त्या माझ्याजवळ बसून राहिल्या. स्पिरिट उडून गेलं. बोळा आता लाकडासारखा टणक झालाय, कुठल्याही कामाचा नाही. बाबांचा बोळा मी घालवला.

मी घरी येणार नाही. खाली कारखाना, वर आपण. आपल्या उशांनासुद्धा तो वास आहे. इथल्या स्वयंपाकघरात मला कामाला ठेवून घेतायत. बाबांना यातलं काही सांगू नकोस.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस, एवढीच विनंती.
ढब्बू

१८ मार्च

चि. ढब्बूस,
आशीर्वाद, पण रागाने.

वासाचं काय घेऊन बसलास? प्यायलास ते त्या चांडाळचौकडीच्या नादाने, नाक्यावरच्या गुत्त्यात. स्पिरिट का कुणी पितं? इकडे बाबांना नीट दिसत नाही. काल एक कपाट परत आलं, एक दार गडद आणि एक फिकं. बाबा त्याच्यासमोर नुसते उभे. मी जेवायला हाक मारली ती त्यांना ऐकूही गेली नाही. आणि रोज मला विचारतात, पुडकं पोचलं का. काय सांगू? तुमच्या लेकाने बोळा उन्हात टाकला म्हणून? तुमच्या दोघांच्या मध्ये माझं मरण!

लोभाचं पुढच्या पत्रात बघू.
ताई

२४ मार्च

ती. ताईस,
सा. न.

पितात, ताई. मी प्यायचो. गुत्त्यात फार नंतर गेलो. सुरुवात आपल्याच कारखान्यात झाली, बाबा दुपारी वर जाऊन पडले की. बाटली कमी भरायची तेव्हा ते दुकानदाराला शिव्या घालायचे, आणि मी समोर उभा राहून मान डोलवायचो.

या खेपेला घसरलो तर वाचणार नाही, असं डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलंय. घरी आलो तर मी पिणार, आणि प्यालो तर मरणार. बाबांना सांगायचं तर आता सांग. नाहीतर पोरगा नालायक निघाला म्हण, त्यांना त्यात नवीन काही नाही.

तरी लोभ ठेव, जमेल तेवढा.
ढब्बू

९ एप्रिल

चि. ढब्बूस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

सगळं सांगितलं. बाबा एका दाराला पॉलिश करत होते. मध्येच हात थांबवला तर डाग राहतो, म्हणून पुरं केलं. मग म्हणाले, त्याला घरी येऊ नको म्हणावं. माझं डोकंच फिरलं. तोंडाला येईल ते बोलले मी, काळीज आहे की नाही इथपर्यंत. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, येऊ नको म्हणावं, इथे मरेल तो. आणि रडले रे. आई गेली तेव्हासुद्धा मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. कारखाना बंद करू का, असंही विचारत होते. पण भिंतींत मुरलेलं कसं काढायचं, आणि खायचं काय?

मग मीच म्हटलं, रविवारी दोघं जाऊन त्याला भेटून येऊ. लगेच हो म्हणाले. कारखान्यात कधीच न घातलेला सदरा हवा, म्हणून नवा आणायला लावला. रविवारी आंघोळ करून तयार होऊन बसले. मी चपला घालते तोच उठून पुन्हा नळाखाली. जाऊन बघते तर हात घासतायत. आधी साबण, मग राख, मग फरशीचा ब्रश. कातडी सोलवटली होती. पुरे करा म्हटलं, तेव्हा दोन्ही हात माझ्या नाकाशी धरले आणि अजून वास येतो का, म्हणून विचारलं.

मला खोटं बोलवेना.

त्यांनी सदरा काढून घडी घातली. त्या दिवशी मीही निघू शकले नाही. येत्या रविवारी येते, एकटीच.

लोभ आहे, ढब्बू, आम्हा दोघांचाही. त्यांचा तेवढा लांबूनच धरून चाल.
ताई