मांडणीतली भांडी

लातूर, रविवार संध्याकाळ

डोक्यातून जातच नाही. वर भाड्यानं राहणारी कोचिंगची पोरं क्लासला गेली तेव्हा माझा मित्र बसवराज गिटारच्या अँपची हुबेहूब नक्कल करणारा त्याचा डिजिटल डबा घेऊन आला. तो आणि माझा जुना ट्यूबचा अँप, दोन्हींतला एक गुपचूप स्पीकरला जोडून त्यानं गिटार छेडली. मी भिंतीकडं तोंड करून ओळखायचं, कुठला वाजतोय ते. मांडणीतली भांडी थरथरली आणि मी ओरडलो, "ह्यो माझाच! डब्यानं भांडी हालत न्हाईत."

"डबाच हाय," बसवराज हसला.

वळून बघतो तर आई अंगणात, अनवाणी. भूकंपापासून भांडी वाजली की पळतेच. पण माझ्या अँपला ती कधीच पळाली नव्हती!

"तुझं मशीन आधी घरघरतंय, मग भांडी वाजतात," ती म्हणाली. "आज घरघरच न्हाई. नुसती भांडी."

घरघर? मग इतकी वर्षं मी ऐकतोय तरी काय?